अठरा दिवसांचा फरक

“लवकर?” शरूच्या तळव्याला तेल चोळणारा सुगंधाकाकींचा हात थांबला. “काय लवकर?”

“पिल्लं, काकी. तिसऱ्यांची. यंदा अठरा दिवस आधी दिसली ना, त्याच्यावरच तर सगळं चाललंय. उद्या तीन देशांची माणसं कॉम्प्युटरसमोर तेवढ्यासाठी बसणार आहेत.”

“कोन म्हनला आधी दिसली?”

“तुम्हीच. तुमच्या वहीत आहे.”

काकी हसल्या. शरूला वाटलं आपल्यालाच हसतायत, तिने दोन्ही पाय झाडले. रविवारची सकाळ होती. काकी जुवेवाडीहून पहिल्या एस.टी.ने रत्नागिरीत आल्या होत्या, पाच महिन्यांच्या शरूला पहिल्यांदा बघायला. येताना हाताने शिवलेलं झबलं आणि डबाभर तिसऱ्या आणल्या होत्या. दुपारच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, त्यांना परत खाडीत उतरायचं होतं.

“म्या धनतेरसेला बगितली,” काकी म्हणाल्या. “तांदळाएवढी. वहीत तसाच लिवलाय. आनि अवंदा दिवाळी किती लांबली, आटव. मधी धोंडा आला ना. तुजी ही लेक धोंड्यातलीच की गो. लवकर कुटली? दरवर्साला येतात तवाच आली.”

आत सासूबाई तिसऱ्या धूत होत्या. नळाचा आवाज येत होता. माझ्या हातात शरूचा टॉवेल होता आणि तो मी घडी करून पुन्हा उलगडला.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे एप्रिलमध्ये नोकरी संपायची आणि जुलैत पुन्हा मिळेल की नाही ते कुणी सांगायचं नाही. तीन वर्षांपूर्वी विभागप्रमुख उपासनी सरांनी मला जुवेवाडीच्या खाडीत तिसऱ्यांवर काम दिलं. तिसऱ्या म्हणजे चिखलात राहणारे शिंपले. त्यांची नवी पिल्लं दरवर्षी कधी दिसतात, किती दिसतात, एवढंच मोजायचं होतं. सुगंधा खडपे तीस वर्षं त्या खाडीतून तिसऱ्या काढत होत्या. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर चिखलात उतरले. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितलं, म्हणून वही काकींना दिली. चौथी शिकलेल्या काकींनी ती पुरी केली. फक्त तारखेच्या रकान्यात त्यांनी तिथी लिहिली, कारण भरती-सुकती तिथीवर चालते आणि काकी भरती-सुकतीवर.

मधल्या काळात सरांची एका परिषदेत पोर्तुगालच्या डॉ. इनेश आणि व्हिएतनामच्या डॉ. थू यांच्याशी ओळख झाली होती. दोघी आपापल्या खाड्यांत हेच मोजत होत्या. एक परदेशी निधी होता, वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांना जोडण्यासाठीच काढलेला. यंत्रांना पैसे नाहीत, इमारतीला नाहीत. एकमेकांच्या खाडीवर जायला, विद्यार्थी पाठवायला, सगळ्यांनी एकाच रीतीने मोजायला शिकायला. आणि प्रत्येक देशात एक समन्वयक, तीन वर्षांसाठी. आमच्याकडची समन्वयक मी असणार होते. तीन वर्षं मला एप्रिलची भीती नसणार होती.

शेकडो अर्जांतून शेवटच्या पाचात, मुलाखतीपर्यंत, आमचा आला तो एका आलेखामुळे. व्हिएतनामची पिल्लं त्या वर्षी सतरा दिवस आधी दिसली होती. आमची अठरा. हजारो मैलांवरच्या दोन खाड्या एकदम सरकल्या होत्या. समुद्र तापतोय, त्याची ही खूण असावी, असं इनेशने लिहिलं होतं.

आणि काकी म्हणत होत्या, दरवर्षासारखीच.

“काकी, तुम्हाला नक्की आठवतंय? धनतेरसच?”

“म्या फोन केलावता तुला. ही पोर बोंबलत होती मागं. तू म्हनालीस, ‘बरं काकी, बरं काकी,’ नि ठेवलास.”

मला फोन आठवत नव्हता. पण आठवण नसली तरी माझ्याकडे दुसरं काहीतरी होतं. शरू जन्मल्यापासून मी एक वही ठेवत होते. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती वेळ, शी-शू, ताप, खोकला. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, पोर आहे की परीक्षेचा पेपर. हेरंब, माझा नवरा, चिपळूणला बँकेत होता. तो एकाआड एक शनिवारी यायचा आणि आधी वही चाळायचा. मी ती उशाखालून काढली. नोव्हेंबरची पानं. अकरा नोव्हेंबर. माझंच अक्षर, झोपेत लिहिल्यासारखं तिरकं.

‘५.४० उजवी, १२ मि. ६.१० काकींचा फोन, दिसली म्हणाल्या. ६.२५ डावी. उलटी थोडी.’

अकरा नोव्हेंबर. आणि अर्जात मी लिहिलं होतं, चोवीस ऑक्टोबर.

मी कपाटातून खाडीची वही काढली. शेवटच्या पानावर मी स्वतः आखलेला तक्ता होता. एका बाजूला तिथी, समोर तारीख. काकी बोलताना तिथीच बोलायच्या, म्हणून दुसऱ्या वर्षी तो सोयीसाठी केला होता. माहेरी बाळंतपणानंतर, अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असताना, शरूला मांडीवर घेऊन मी काकींच्या तिथ्या या तक्त्यात बघून एकेक तारीख लिहीत गेले होते. तक्ता त्या वर्षीचा नव्हता, आदल्या वर्षीचा होता. मधे अधिक महिना येऊन सगळे सण पुढे गेले होते. तक्त्याच्या डोक्यावर वर्ष लिहिलेलं होतं, लाल पेनने, खाली दोन रेघा मारून. मी ते वाचलं नव्हतं.

तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. घरात अजून चिवड्याचा डबा होता. आणि मी धनतेरसेसमोर ऑक्टोबर लिहिला होता.

“काय झाला?” काकींनी विचारलं. “माजा काय चुकला काय?”

“नाही. तुमचं नाही.”

“मंग असा तोंड कशाला करतंस? ह्या पोरीला घे, भुकेली हाय ती.”

मी शरूला घेतलं. पाजताना घड्याळ बघायचं राहून गेलं. त्या वहीत त्या रविवारच्या सकाळची एक जागा अजून मोकळी आहे.

*

उपासनी सरांच्या घरी मी चार वाजता गेले. शरूला सासूबाईंकडे ठेवलं, आणि रिक्षात बसल्यापासून ती उठली असेल का, हाच विचार. सर झोपाळ्यावर बसून उद्याची उत्तरं पाठ करत होते. साठीला दोन वर्षं उरलेला, पांढराशुभ्र सदरा घालणारा माणूस. विद्यार्थ्यांना पायात बूट नसताना स्वतःचे देणारा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून त्यांच्याबद्दल चुकीचं वाटू शकेल.

मी दोन्ही वह्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सांगितलं.

ते उठले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेखाली मागच्या वर्षीची अजून त्याच खिळ्याला होती. त्यांनी वरची उचलली, नोव्हेंबर काढला, बोट ठेवलं. मग पुन्हा झोपाळ्यावर येऊन बसले.

“हे अजून कोणाला सांगितलंस?”

“नाही सर.”

“मग उद्या अडीच वाजता सांगू नकोस. मंजूर होऊ दे. महिन्याभराने आपण दुरुस्तीचं पत्र पाठवू. शास्त्रात दुरुस्त्या होतच असतात.”

“पण सर, ते निधी देतायत तो त्या अठरा दिवसांमुळेच.”

“अगं, काम खरं आहे ना? खाडी खरी आहे ना? वीस वर्षं मी या कॉलेजात बसलोय, शलाका. मुंबई-पुण्याच्या पुढे कुणी आपल्याला विचारलं नाही. आज तीन देशांची माणसं आपल्याबरोबर काम करायला तयार आहेत. आणि तू त्यांना काय सांगणार? आम्ही पंचांग बघून तारखा लिहिल्या, नि अधिक महिना विसरलो? ते काय म्हणतील? म्हणतील, ही बघा, पंचांगावर शास्त्र करणारी माणसं.”

खरं तर मलाही तेच वाटत होतं. घरून निघताना हीच वाक्यं मीही मनात ऐकली होती.

“आणि तुझं काय?” सरांचा आवाज मऊ झाला. “एप्रिलनंतर काय करणारेस? पोर पाच महिन्यांची आहे.”

“माहिती आहे, सर.”

त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, “सांगायचंच असेल तर एक मार्ग आहे. सांगताना एवढंच सांगायचं की नोंदी एका स्थानिक बाईने ठेवल्या, चौथी शिकलेली, तिच्याकडून तारखांची गडबड झाली, आम्ही आता प्रशिक्षित माणूस नेमतो आहोत. दोन वाक्यं. तुझ्यावर येत नाही, कॉलेजवर येत नाही. उलट प्रशिक्षणासाठी निधी हवा हे पटतं त्यांना.”

“पण काकींनी...”

“ती बाई काही ऐकायला येणार नाहीये, शलाका. तिला त्याचं काय?”

आतून सरांच्या बायकोने विचारलं, चहा टाकू का. मी उठले. हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. घरी जाईपर्यंत दोन्ही वह्या छातीशी धरलेल्या होत्या आणि ब्लाऊज ओला झाला होता. शरूच्या भुकेची वेळ टळून गेली होती.

*

सोमवारी दुपारी विभागाच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर लावला. मागे फॉर्मलिनच्या बरण्या होत्या, म्हणून शिपायाने पडदा ओढला. शरू आणि सासूबाई शेजारच्या सरांच्या खोलीत. मधलं दार मी लोटून ठेवलं, कडी घातली नाही.

पडद्यावर चौकोन उघडत गेले. निधीच्या समितीच्या अध्यक्ष, पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई, आणि त्यांच्याबरोबर दोघे. डॉ. इनेश, मागे खिडकीत सकाळ. डॉ. थू, लहानखुरी, चष्मा डोक्यावर चढवलेला. तिच्या खोलीत पंखा फिरत होता आणि तिचे केस उडत होते. बोलणं सगळं इंग्रजीत.

इनेशने आलेख दाखवला. आमची निळी रेघ आणि व्हिएतनामची हिरवी. दोन्ही एकदम डावीकडे झुकलेल्या. अध्यक्षबाई पुढे वाकून बघत होत्या.

“हेच आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं,” त्या म्हणाल्या. “दोन देश, एकमेकांशी संबंध नसलेली मोजणी, आणि एकच दिशा. प्रोफेसर उपासनी, तुमच्याकडच्या नोंदी कशा घेतल्या, थोडं सांगाल?”

सर सावरून बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“जरूर. एक लहानशी बाब मला इथेच नमूद करायची आहे,” ते म्हणाले. “तिसऱ्या वर्षीच्या नोंदी आमच्या एका स्थानिक स्त्रीने ठेवल्या होत्या. फारसं शिक्षण नसलेली. काल आमच्या लक्षात आलं की तिच्याकडून तारखांमध्ये...”

म्हणजे सरांनाही रात्रभर चैन पडलं नव्हतं. गप्प बसणं त्यांना जमलं नाही. त्यांनी दुसरा मार्ग घेतला होता, आणि तो माझ्यासाठी घेतला होता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

“सर,” मी मराठीत म्हटलं, “वही बरोबर आहे.”

ते थांबले. पडद्यावरचे सगळेच थांबले. इनेशने विचारलं, आवाज जातोय का.

“आवाज येतोय,” मी इंग्रजीत म्हटलं. “मी शलाका शेट्ये. त्या वर्षीची वही सुगंधा खडपे यांनी ठेवली. त्यात एकही चूक नाही. त्या चंद्राच्या तिथ्या लिहितात, कारण खाडीचं पाणी चंद्रावर चालतं. त्या तिथ्यांच्या तारखा मी केल्या. मी आदल्या वर्षीचा तक्ता वापरला. त्यामुळे आमचे अठरा दिवस खोटे आहेत. पिल्लं अकरा नोव्हेंबरला दिसली. त्याआधीच्या वर्षी बारा, त्याच्याआधी नऊ. आमच्या खाडीत काहीही सरकलेलं नाही.”

शेजारच्या खोलीत शरू कुरकुरायला लागली. सासूबाईंचं “अले अले” ऐकू आलं.

“म्हणजे हा आलेख...” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“निळी रेघ चुकीची आहे.”

“आणि हे तुम्हाला कधी समजलं?”

“काल सकाळी. साडेनऊच्या सुमाराला. माझ्याकडे दुसरी एक वही आहे, तिच्यावरून पडताळलं.”

“कुठली वही?”

“माझ्या मुलीची,” मी म्हटलं. “तिच्या दुधाची.”

दोघांपैकी एक गृहस्थ हसले आणि मग गंभीर झाले. “तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होता का तेव्हा? तसं असेल तर...”

“हो. पण चूक झोप न झाल्यामुळे झाली असं लिहू नका. तक्त्यावर वर्ष लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.”

हे मी का म्हटलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की एकदा हे कारण कागदावर गेलं की माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बाईला कुणीतरी ते वाचून दाखवेल.

शरू आता मोठ्याने रडत होती. छातीत कळ आली, दोन्ही बाजूंनी दूध सुटलं, आणि मी ओढणी पुढे घेऊन तशीच बसून राहिले. उठले असते तर परत त्या खुर्चीत बसण्याची हिंमत झाली नसती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “मग मला सरळ विचारू द्या. तुमच्या प्रस्तावात आता उरलं काय?”

तेवढ्यात थू बोलली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

“एक मिनिट. तो महिना. जादाचा. त्याला तुम्ही काय म्हणता?”

“अधिक.”

“तो दर वर्षी येतो?”

“नाही. साधारण तीन वर्षांनी.”

“आणि गेल्या वर्षी आला होता?”

“हो. ऑगस्ट-सप्टेंबरात.”

थूने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. तिने स्वतःचा आवाज बंद केला आणि खुर्चीवरून उठून गेली. चौकोनात नुसता पंखा फिरत राहिला. अध्यक्षबाईंनी दोनदा तिचं नाव घेतलं. सर माझ्याकडे न बघता कानात म्हणाले, “जा, पोरीला घे.” मी गेले नाही. मग दार उघडलं आणि सासूबाईच आल्या, शरूला माझ्या मांडीवर ठेवलं, ओढणी माझ्या खांद्यावरून पसरली आणि कॅमेऱ्याकडे एकदा रागाने बघून निघून गेल्या. शरू गप्प झाली. मी घड्याळ बघितलं, सवयीने. तीन वाजून चार मिनिटं.

थू परत आली तेव्हा तिच्या हातात जाड कागदांचा गठ्ठा होता.

“आमच्याकडेही येतो तो महिना,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी आमचा चौथा महिना दोनदा आला. आमच्या खाडीत मोजणाऱ्या बायका चंद्राच्याच तारखा लिहितात. त्या माझ्या एका विद्यार्थ्याने बदलल्या. त्याने कुठला तक्ता वापरला हे मी त्याला कधी विचारलं नाही.” तिने कागद उलटले. एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं, जणू आम्हाला ते वाचता येणार होतं. “मला आज रात्रीपर्यंत तपासावं लागेल. पण मला वाटतं, हिरवी रेघही चुकीची आहे.”

इनेशने कपाळावर हात मारला. “म्हणजे इतके महिने मी ज्या दोन रेघा जुळवतेय,” ती म्हणाली, “त्या समुद्रामुळे जुळत नव्हत्या. तुम्हा दोघींची दिनदर्शिका एक आहे म्हणून जुळत होत्या!”

आणि ती हसायला लागली. आधी एकटीच. मग थू हसली, तोंडावर हात ठेवून. मला हसू येत नव्हतं. माझी तीन वर्षं, माझा एप्रिल, सगळं त्या हसण्यात वाहून चाललेलं दिसत होतं. पण शरूचं पोट भरलं होतं, तिने मान वळवून त्या उजेडाच्या चौकोनांकडे बघितलं, आणि समितीतले ते गृहस्थ तिला हात हलवायला लागले.

थूने त्या रात्री तपासलं. सतरा दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी तिघींनी मिळून अर्ज मागे घेतला. पत्र इनेशने लिहिलं, खाली चार सह्या. चौथी सरांची होती, सगळ्यांत शेवटी आलेली.

त्या वर्षी निधी आला नाही. एप्रिलमध्ये माझी नोकरी संपली, जुलैत ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. दीड वर्ष मी घरी शिकवण्या घेतल्या आणि सुकतीला जुवेवाडीला जात राहिले, शरूला कधी पाठीला बांधून, कधी काकींच्या सुनेकडे ठेवून. सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांचा फोन आला, कोरडा. निधीचा नवा अर्ज निघालाय, इनेशने विचारलंय, तू आहेस का? दुसऱ्या अर्जात समुद्र तापल्याचं काही नव्हतं. एवढंच होतं की खाडी मोजणाऱ्या माणसांची रीत आपण शिकून घेतल्याशिवाय त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत, आणि ती शिकायला आम्हाला एकमेकांच्या चिखलात उतरायचं आहे. तो मंजूर झाला. मंजुरीचं पत्र सरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात आलं. ते त्यांनी निरोपसमारंभात वाचून दाखवलं, माझ्या नावाशी थांबून. आज बारा वर्षांनी सात देश आहेत. आम्ही काय मोजतो ते शरूला माझ्यापेक्षा नीट सांगता येतं.

पण माणसं विचारतात, सुरुवात कशी झाली, तेव्हा मला ती मंजुरी आठवत नाही. मला त्या सोमवारनंतरचा मंगळवार आठवतो.

*

काकी गुडघाभर चिखलात होत्या. मी शरूला काठावर, काकींच्या सुनेच्या मांडीवर दिलं आणि साडी खोचून खाली उतरले. पाच वाजत आले होते. पाणी मागे सरकत होतं, खाडीचा तळ चमकत होता.

“गावला काय मंग?” काकींनी वर न बघता विचारलं. “त्या लोकांचा पैसा?”

“नाही.”

“माज्या वहीमुळं?”

“माझ्यामुळे. तक्त्यावरचं वर्ष मी वाचलं नाही. तुमची वही बरोबर होती. मी त्यांना तसं सांगितलं.”

“त्यांना?” काकी उभ्या राहिल्या. “माजा नाव सांगितलास? इंग्रजीत?”

“सुगंधा खडपे. इंग्रजीतही तसंच.”

काकींनी कोपराने कपाळावरचा घाम पुसला. त्यांना आनंद झाला की नाही ते कळेना. “मंग आता मोजायचा का नाय?” त्यांनी विचारलं. “पैसा नाय तर?”

“मोजायचं.”

मी पिशवीतून नवी वही काढली. आदल्या रात्री त्यात दोन रकाने आखले होते, एक तिथीचा, एक तारखेचा, शेजारी शेजारी. दोन्ही त्याच दिवशी, त्याच जागी भरायचे. पहिल्या पानावर वर एक ओळ मोकळी सोडली होती.

“काकी, इथे तुमचं नाव लिहा. नोंद कुणाची, ते.”

“तूच लिव ना.”

“नाही. तुम्ही.”

काकींनी हात खाडीच्या पाण्यात खळबळून धुतले, पदराला पुसले. पेन मुठीत धरल्यासारखं धरलं. एकेक अक्षर कोरत गेल्या, ओठ हलत होते. सुगंधा धाकू खडपे. पानावर ओल्या बोटाचा डाग पडला. मग त्यांनी वही माझ्याकडे दिली, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

“आता चूक झाली तर माजा नाव लागेल?”

“लागेल,” मी म्हटलं. खाली माझं नाव लिहिलं. “आणि माझंही.”

काकींनी दोन्ही नावं नीट बघितली. वाचली बहुतेक. मग वही सोडली, कोयती उचलली आणि चिखलात वाकल्या.

“मंग वर वर्सा लिव आदी,” त्या म्हणाल्या. “मोटा लिव.”